कायद्याच्या पहिल्या वर्षापूर्वी



बारावीनंतर कला व कायदा यांच्या पाच वर्षांच्या पदवीस आपली मुले-मुली जात आहेत. पहिल्या वर्षी इतिहास, समाजशास्त्र पुढे येताच ‘हा कसला कायदा?’ अशी कुरकुर घरात होते. चवदार तळ्याचा दावा आठवा. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि कालापासूनची आहे, हे वादींना शाबीत करता आले नाही. म्हणूनच १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. इतिहास तपासल्याखेरीज हे घडते काय? तेव्हा कॉलेज उघडण्यापूर्वी राज्यघटना घरी आणा, मुलांकडून सतरावे कलम मोठ्याने वाचून घ्या, आणि गावचा पाणवठा आपणांस केव्हा खुला झाला, हे आजी-आजोबांना विचारून सनावार लिहावयास सांगा.