गाठ सापडल्यानंतरची वाट

आजाराचे कोणतेही लक्षण नसलेल्या माणसांची, आजार दडलेला असल्यास तो हुडकण्यासाठी केलेली तपासणी म्हणजे चाळणी-तपासणी, व्यवहारातील शब्दात स्क्रीनिंग. गाठ हाताला लागल्यावर किंवा स्तनाग्रातून स्राव येऊ लागल्यावर स्त्री स्वतः डॉक्टरकडे जाते, तेव्हा होते ती निदानाची तपासणी. चाळणी-तपासणीत मात्र शासन निरोगी स्त्रीच्या दारी जाऊन तिला बोलावते, आणि म्हणून त्यातून तिचे हित अधिक व अपाय कमी होईल हे दाखवून देण्याची जबाबदारी बोलावणाऱ्यावर येते. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा तपासणीचे जे निकष मांडले, त्यांत तपासणीच्या योग्यतेइतकेच महत्त्व पुढील निदानाच्या व उपचारांच्या सोयीला दिलेले आहे. स्तनकर्करोगाविषयीचे कोणतेही धोरण याच कसोटीवर तपासावे लागते.

पाश्चात्त्य देशांतील धोरण मॅमोग्राफीभोवती, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीभोवती, उभे राहिले. स्वीडनमधील दोन परगण्यांत १९७७ साली सुरू झालेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष १९८५ मध्ये आले आणि तपासणीला बोलावलेल्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसले. त्यानंतर ब्रिटनने फॉरेस्ट समितीचा १९८६ चा अहवाल स्वीकारून १९८८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे या लाभाची किंमतही मोजली गेली. काही कर्करोग इतके संथ असतात की ते सापडले नसते तरी त्या स्त्रीला आयुष्यात त्यांचा त्रास झाला नसता. असा कर्करोग शोधून त्यावर शस्त्रक्रिया व किरणोपचार करणे याला अतिनिदान म्हणतात. मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये असा अंदाज दिला की पन्नाशीपासून वीस वर्षे तपासणीला बोलावलेल्या दर १०,००० स्त्रियांमागे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ स्त्रियांचे अतिनिदान होते.

या दोन आकड्यांपैकी कोणाला किती वजन द्यावे, हा प्रश्न विज्ञानाइतकाच मूल्यांचाही आहे. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २००९ मध्ये ५० ते ७४ वयातील स्त्रियांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली व चाळिशीतील स्त्रियांचा निर्णय त्यांच्या परिस्थितीवर सोपवला. त्यावर मोठा वाद झाला आणि २०२४ मध्ये त्याच कार्यदलाने आरंभाचे वय ४० वर आणले. मार्गदर्शक तत्त्वांतील वयाची रेघ त्या त्या समाजातील रोगाचे प्रमाण, उपलब्ध साधने आणि लाभहानीचा हिशेब पाहून आखलेली असते. म्हणून ती दुसऱ्या देशाकडून जशीच्या तशी उचलता येत नाही.

भारतासाठी हा हिशेब मांडणारा सर्वांत मोलाचा पुरावा मुंबईतील वस्त्यांतून आला. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत ३५ ते ६४ वयोगटातील १,५१,५३८ स्त्रिया होत्या. त्यांच्या वस्त्यांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे निव्वळ चिठ्ठीच्या न्यायाने, दोन गट पाडले गेले. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार पुढच्या, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण ४७ टक्क्यांऐवजी ३७ टक्के राहिले. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीय कसोटीला पुरेशी ठरली नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती, आणि पन्नाशीच्या आत तसा लाभ दिसला नाही. हे वयानुसार विश्लेषण नंतर केलेले असल्याने सावधपणे वाचावे लागते. तरीही महागड्या यंत्राविना, शिकवलेल्या हातांनी मृत्यू टाळता येऊ शकतात, ही आशा त्यातून मिळते.

भारत सरकारच्या २०१६ च्या कार्यचौकटीत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची हाताने स्तनतपासणी पाच वर्षांतून एकदा अपेक्षिली आहे. दिशा योग्य असली तरी मुंबईत अजमावलेले अंतर दोन वर्षांचे होते, आणि कागदावरील अपेक्षा घराघरांत पोचलेली नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनतपासणी कधीही झालेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आढळले. मनुष्यबळ मर्यादित असताना पन्नाशीपुढील स्त्रियांना नियमित तपासणीत अग्रक्रम देणे, आणि तरुण स्त्रियांसाठी लक्षणांची माहिती व गाठ लागताच त्वरित निदान यांवर भर देणे, हे पुराव्याशी अधिक सुसंगत ठरते. येथील लोकसंख्या तुलनेने तरुण असल्यामुळे पन्नाशीच्या आतील रुग्णांची संख्या मोठी आहे. त्यांना वगळणारे धोरण अपुरेच राहील.

तपासणीने केवळ संशय उत्पन्न होतो. मृत्यू टळतो तो उपचारांनी. उपकेंद्रात गाठ आढळलेल्या स्त्रीला सोनोग्राफी, बायोप्सी, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांसाठी ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या गावी व तेथून मोठ्या शहरात जावे लागते, तेव्हा मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, घरची कामे खोळंबतात आणि स्तनाविषयी बोलण्याचा संकोच पावलोपावली आड येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने उपचारांच्या खर्चाचा मोठा भार उचलला, तरी या फेऱ्यांचा भार त्या स्त्रीवरच उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या उपक्रमाने म्हणूनच तीन मापे ठरवली आहेत: निदान झालेल्यांपैकी किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या दोन टप्प्यांतील असावेत, पहिल्या भेटीपासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, आणि किमान ८० टक्के रुग्णांनी उपचार शेवटपर्यंत घ्यावेत.

महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याने किती स्त्रिया तपासल्या या आकड्याशेजारी, संशयित ठरलेल्यांपैकी कितींचे निदान ६० दिवसांत झाले आणि कितींचे उपचार पूर्ण झाले, हे दोन आकडेही दरवर्षी प्रसिद्ध करावेत. मुंबईच्या वस्त्यांतील स्त्रियांनी वीस वर्षे चाचणीला साथ देऊन देशाला जे ज्ञान दिले, त्याची परतफेड यापेक्षा कमी कशाने होणार नाही.