शोक आणि स्मरण



१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. सती जाण्यास निघालेल्या अहिल्याबाईंना मल्हाररावांनी परावृत्त केले. १७६६ मध्ये ते सासरे आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव निवर्तले. अहिल्याबाईंनी दुःख उरी धरून राज्यकारभार सांभाळला. आलमपूरला मल्हाररावांची छत्री उभारली, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली बांधविले. तेथे आजही असंख्य यात्रेकरू आपापल्या पितरांना पिंड देतात. पुढे १७९१ मध्ये कन्या मुक्ताबाई सती गेली. आईची विनवणी व्यर्थ ठरली. शोक पुण्याईनेही टळत नाही. तथापि एकीच्या शोकातून सहस्रावधींच्या स्मरणाची सोय झाली. ज्यांचे मागे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही तर्पणात पाणी सोडतात. महालयात ती ओंजळ मनःपूर्वक वाहावी. श्री सर्वांचे कल्याण करो.