न विचारता सुरू होणारे व्हिडिओ



मी पायदळातला निवृत्त अधिकारी. नोकरीत देशभर फिरलो आणि शेवटी इंदूरजवळ महूला स्थायिक झालो. इथे निवृत्त फौजी पुष्कळ. कुणाचं पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर काही अडतं, कुणाला हयातीचा दाखला फोनवरून द्यायचा असतो, म्हणून माणसं फोन घेऊन माझ्याकडे येतात. फोन हातात आला की मी मूळ काम करतोच, पण जाता जाता आणखी एक गोष्ट त्यांना विचारून बदलून देतो. ती गोष्ट म्हणजे ऑटोप्ले. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

ऑटोप्ले दोन प्रकारचा असतो आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. एक म्हणजे तुम्ही फेसबुकवर बोट फिरवत खाली जाता आणि मध्येच एखादा व्हिडिओ आपला आपण हलायला लागतो. तुम्ही त्याला हातही लावलेला नसतो. दुसरा म्हणजे यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. दोन्हींची बटणं वेगळी आहेत. एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. दुसऱ्या प्रकारानं तुमचा वेळ जातो, आणि वेळेचं काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला काळजी आहे ती पहिल्याची.

रात्रीच्या पहाऱ्यावरचा संत्री अंधारात कुणी दिसलं की ओरडतो, “थम! कौन आता है?” समोर कमांडिंग ऑफिसर असला तरी त्याला थांबावंच लागतं, ओळख सांगावी लागते. यात कुणाचा अपमान नसतो. आत कोण येणार हे आतल्यानं ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ. ऑटोप्ले चालू असलेल्या फोनवर हा संत्री नसतो.

आता हे मला इतकं का लागतं ते सांगतो. जवान शहीद झाला की घरी ती बातमी कशी पोहोचवायची, याला फौजेत फार जपतात. घरच्यांना कळेपर्यंत नाव जाहीर करत नाहीत. शक्यतो माणूस घरी जातो, नाहीतर युनिटमधल्या जबाबदार माणसाचा फोन जातो. घरात आधी कुणाला सांगायचं, आई आजारी आहे का, बायको एकटी आहे का, याचाही विचार होतो. एक वाक्य बोलायचं असतं, पण त्यासाठी माणसं दोन-दोन तास गावाबाहेर गाडी उभी करून थांबलेली मी पाहिली आहेत.

निवृत्तीनंतर असाच एकदा माळव्यातल्या एका गावी गेलो होतो. चकमकीत मुलगा गेला होता. घरच्यांनी टीव्हीची वायर काढून ठेवली होती, वर्तमानपत्रं लपवली होती. तिसऱ्या दिवशी धाकटी बहीण भावाला लोकांनी वाहिलेली श्रद्धांजली आईला दाखवायला म्हणून फोन घेऊन बसली. फोटो, फुलं, मेणबत्त्या, आणि त्यांच्या मधोमध एका गोळीबाराचा व्हिडिओ चालू झाला. तिनं तो उघडला नव्हता. बोट फक्त वरून गेलं होतं. आईनं मला विचारलं, “साब, इसमें अपना कौन-सा है?”

तो व्हिडिओ आपल्या देशातलाही नव्हता. गणवेश वेगळा, हत्यारं वेगळी. मी तसं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. डोळ्यांनी पाहिलेल्यापुढे तोंडचं सांगणं लंगडं पडतं.

हे फक्त फौजी घरांपुरतं आहे असं मात्र नाही. 26 ऑगस्ट 2015 ला अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना दोन पत्रकारांचा गोळ्या घालून खून झाला. मारेकऱ्यानं स्वतः केलेलं चित्रण ट्विटर आणि फेसबुकवर टाकलं. दोन्हीकडे ऑटोप्ले होता, ट्विटरनं तर तो जेमतेम दोन महिन्यांपूर्वी आणला होता. नुसती बातमी वाचायला आलेल्या कित्येकांपुढे तो खून आपोआप चालू झाला. पुढे मार्च 2019 मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींवर हल्ला झाला, 51 माणसं मारली गेली. हल्लेखोरानं त्याचं फेसबुकवरून थेट प्रक्षेपण केलं. पहिल्या 24 तासांत त्या व्हिडिओच्या 15 लाख प्रती काढल्याचं फेसबुकनंच जाहीर केलं. काढणारे काढत राहतात, टाकणारे टाकत राहतात. आपल्या हातात राहतं ते आपलं बटण.

तर आता फोन हातात घ्या. मेनूची नावं बहुतेकांच्या फोनवर इंग्रजीत असतात म्हणून तशीच सांगतो.

आधी फेसबुक. तीन आडव्या रेघा, मग ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’, मग ‘सेटिंग्ज’. तिथे ‘मीडिया’ नावाची ओळ शोधा. ॲप अपडेट झालं की या ओळी जागा बदलतात, बदली झालेल्या अधिकाऱ्यासारख्या. सापडली नाही तर वरच्या शोधपट्टीत ‘ऑटोप्ले’ टाका. आत तीन पर्याय दिसतील. त्यातला ‘नेव्हर ऑटोप्ले व्हिडिओज’ निवडा. ‘ओन्ली वायफाय’वर समाधान मानू नका. त्यानं डेटा वाचतो, पण घरी वायफाय असतंच, आणि आई फोन घरीच पाहते.

एक्स, म्हणजे जुनं ट्विटर. तुमच्या फोटोवर दाबा, ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’, त्यात ‘ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड लँग्वेजेस’, त्यात ‘डेटा यूसेज’, आणि तिथे ‘व्हिडिओ ऑटोप्ले’ला ‘नेव्हर’. एवढ्या खोल पुरून ठेवलंय, यावरूनच काय ते समजा.

यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक इन फीड्स’ आहे. ते बंद केलं की यादीतली चित्रं हलायची थांबतात. पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं बंद करायचं असेल तर चालू व्हिडिओवर एकदा बोट लावा, वरच्या बाजूला छोटा खटका दिसतो, तो बंद करा. 13 ते 17 वयाच्या मुलांच्या खात्यांवर हा खटका मुळातच बंद ठेवायचं यूट्यूबनं 2021 मध्ये ठरवलं. मुलांसाठी जे बरं, ते आजोबांसाठी वाईट कसं असेल?

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ सहसा आपोआप चालत नाहीत, पण आपोआप उतरतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. मग नातवंडं गॅलरी उघडतात. ‘सेटिंग्ज’, ‘स्टोरेज अँड डेटा’, तिथे ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’. मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग अशा तीन ओळी आहेत. तिन्हींत ‘व्हिडिओज’समोरची खूण काढा. त्यानंतर व्हिडिओ आला की अंधूक चित्र आणि बाणाची खूण एवढंच दिसतं. कुणी पाठवलाय ते पाहायचं, हवा असेल तर उतरवायचा. आमच्या कॉलनीत या एका बदलानं बऱ्याच जणांच्या फोनची भरलेली जागाही मोकळी राहू लागली.

आयफोनवाल्यांनी ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘मोशन’मध्ये जावं, तिथे ‘ऑटो-प्ले व्हिडिओ प्रिव्ह्यूज’ आहे. पण त्याचा परिणाम ॲपलच्या स्वतःच्या ॲप्सवर होतो. फेसबुक, एक्स वगैरे आत जाऊन वेगळे बंद करावेच लागतात.

इन्स्टाग्रामवर आणि कुठल्याही रील्स-शॉर्ट्सच्या भागात असं बंद करायचं बटण दिलेलंच नाही. इन्स्टाग्रामवर ‘सेन्सिटिव्ह कन्टेन्ट’ कमी करायचा पर्याय आहे, तो निवडा, पण त्यावर विसंबू नका. ज्या घरात नुकतं काही घडलंय, तिथे ही ॲप्स काही दिवस काढून टाकणं हाच उपाय. खातं पुसलं जात नाही, नंतर परत घालता येतात.

माझा मुलगा म्हणतो, “बाबा, नको असेल तर पुढे सरकवायचं, त्यात काय?” तो तिशीतला आहे, त्याचं बोट चपळ आहे. सत्तरीतल्या बाईला चष्मा शोधून, काय चाललंय ते समजून, पुढे सरकवायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात जे दिसायचं ते दिसून गेलेलं असतं. शिवाय व्हिडिओ बंद केलेले नसतात. पाहायचे असतील तर त्रिकोणावर बोट ठेवा, लगेच चालू. तुमचं काहीच जात नाही.

दुसऱ्याच्या फोनवर हे करताना मात्र विचारून करा आणि करताना दाखवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी ‘फोन बिघडला’ म्हणून दुकानात नेतात आणि तो मुलगा सगळं पुन्हा चालू करून देतो. आमच्या इथे दोनदा झालंय. त्या गावच्या घरातले चार फोन मी बहिणीकडूनच बदलून घेतले, मी फक्त शेजारी बसलो होतो. फेसबुकपासून सुरुवात केली, वीस मिनिटं लागली.