बाबांचे आठ डॉलर, आईचं सुतक



 इथे बसलेल्या बहुतेकांनी आपल्या आईवडिलांवर फिल्म केली आहे, करायला घेतली आहे, किंवा ‘पुढच्या दिवाळीत नक्की’ म्हणून ठेवून दिली आहे. त्या सगळ्यांपाशी मला एकच आग्रह धरायचा आहे. वडिलांची जी गोष्ट तुम्हाला तोंडपाठ आहे, ती संपली की कॅमेरा बंद करू नका.

अमेरिकेतल्या आपल्या घरांत ती गोष्ट बहुधा आठ डॉलरांची असते. १९४६च्या कायद्यानं भारतीयांना इथे स्थायिक व्हायला वर्षाला जेमतेम शंभर जागा मिळत होत्या. १९६५च्या कायद्यानं ती जुनी कोटा पद्धत मोडली आणि इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक मंडळी येऊ लागली. तिकडे परकीय चलनाचा तुटवडा होता, म्हणून निघताना हातात आठ डॉलर मिळायचे. १९६६च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांचा झाला होता, म्हणजे एकूण साठ रुपये. तेवढ्यावर माणूस सांताक्रूझहून विमानात बसला. ही गोष्ट खरी आहे आणि तिचा अभिमान वाटणंही रास्त आहे. पण पन्नास वर्षं जेवणाच्या टेबलावर सांगून तिचे कंगोरे झिजलेत. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही पाठ झालंय. ती सांगताना आता कोणाला काही आठवावं लागत नाही.

माझ्या वडिलांनीही कॅमेऱ्यासमोर आठ डॉलर सांगितले, आणि छान सांगितले. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. मी तिला सहज विचारलं, घरची पत्रं किती दिवसांनी यायची? ती म्हणाली, “पत्राला पंधरा दिवस. तार लवकर यायची.” मग जुडीतली पानं खुडता खुडताच ती सांगू लागली. तिचे वडील गेल्याची तार दुपारी आली. घरात दुसरं कोणी नव्हतं. बाथटबमध्ये उभं राहून तिनं डोक्यावरून अंघोळ केली. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक, एवढं तिला ठाऊक होतं; बाकी विचारायला कोणी नव्हतं. तीन दिवस देवापाशी दिवा लावला नाही. चौथ्या दिवशी समोरच्या अमेरिकन बाईकडे डोहाळजेवणासारखा कार्यक्रम होता, तिथे भेट घेऊन गेली, कारण आधी येते म्हणून सांगितलं होतं.

वडील मध्येच म्हणाले, “अगं, तिकिटापुरते पैसे नव्हते तेव्हा.”

आई म्हणाली, “होते. गाडीसाठी बाजूला ठेवले होते.”

वडिलांनी ते नाकारलं नाही. आठ डॉलरांच्या गोष्टीत गाडी शेवटी येते, कष्टाचं फळ म्हणून. आईच्या गोष्टीत ती गाडी तिच्या वडिलांच्या अंत्यदर्शनाच्या बदल्यात आलेली आहे. आपल्या स्थलांतराचा इतिहास या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय सांगताच येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. तो संवाद मी फिल्ममध्ये जसाच्या तसा ठेवला, पण आधी दोघांना दाखवून, दोघांच्या संमतीनं. ही संमती चित्रीकरणापूर्वी एकदा घेऊन भागत नाही. माणूस बोलून गेल्यावर काय बोललो ते त्याला कळतं. तेव्हा पुन्हा विचारावं, आणि तो ‘नको’ म्हणाला तर तो भाग फिल्ममधून काढावा.

नवरा-बायको एका सोफ्यावर बसली की काय होतं, हे मार्टिन स्कोर्सेसींनी १९७४मध्ये ‘इटालियनअमेरिकन’मध्ये दाखवलं. न्यूयॉर्कच्या लिटल इटलीतलं आईवडिलांचं घर, सिसिलीहून आलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी, एकमेकांचं वाक्य तोडणारे दोघं, आणि स्वयंपाकघरात शिजणारा आईच्या हातचा सॉस. श्रेयनामावलीत त्या सॉसची कृतीसुद्धा आहे. संध्या सुरी यांच्या ‘आय फॉर इंडिया’ची तऱ्हा वेगळी. त्यांचे डॉक्टर वडील १९६५मध्ये इंग्लंडला गेले. त्यांनी दोन सुपर एट कॅमेरे, दोन प्रोजेक्टर, दोन टेपरेकॉर्डर घेतले आणि एकेक नग भारतात घरच्यांना पाठवला. पुढे कित्येक वर्षं दोन्हीकडून पत्रांऐवजी रिळं येत-जात राहिली. त्या रिळांत इंग्लंडचा बर्फ आहे आणि ‘परत कधी येणार’ हा घरच्यांचा प्रश्नही आहे. तो प्रश्न भारतातल्या कॅमेऱ्यापुढे विचारला गेला, म्हणून टिकला. तेव्हा मागे राहिलेल्या काका-मावशांचंही चित्रीकरण करा, असं मी सांगेन. ती माणसं आपल्या फिल्ममधून नेहमी सुटतात.

वडिलांच्या गोष्टीतून आईची गोष्ट निघणं मराठीत नवं नाही. लक्ष्मीबाई टिळकांना मुलानं आठवणी लिहायला सांगितल्या त्या रेव्हरंड टिळकांच्या चरित्रासाठी. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. नवऱ्याबद्दल विचारलं, आणि बाईनं सगळं जग सांगितलं.

कामाच्या काही गोष्टी. आईला तिच्याच मराठीत बोलू द्या. नातवंडांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलायला लावलंत तर ती पाहुण्यांशी बोलते तशी बोलेल. नातवंडांसाठी सबटायटल्स आहेत. तिच्या हाताला काम असू द्या. फ्रिजची घरघर आवाजात येते, म्हणून तो बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा लावायची आठवण राहते. आणि उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. गाडीचे पैसे अशाच एका थांबण्यातून बाहेर आले.

आता आपल्या संस्थेपुढचं काम. आपल्या माळ्यांवर, तळघरांत व्हीएचएस आणि ऑडिओ कॅसेटी पडून आहेत: बारशी, गणपती, भारतातून आलेल्या आजीचा आवाज. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते, आणि ती वाजवणारी यंत्रं तर दुर्मीळच झालीत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनं २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. दक्षिण आशियाई अमेरिकनांचा इतिहास जपणारं ‘साडा’ हे डिजिटल संग्रहालय २००८पासून काम करतंय, पण आपल्या घरातला पेटारा आपल्यालाच उघडावा लागेल. संपादित फिल्मबरोबर मूळ, न कापलेलं चित्रीकरणही जपावं लागेल, कारण आज आपल्याला फालतू वाटलेलं बोलणंच उद्याचा अभ्यासक शोधत येईल. मात्र ज्याला ‘नको’ म्हटलंय, ते सांगणाऱ्याच्या परवानगीविना कोणापुढे उघडू नये.

म्हणून यंदाच्या निधीतला पहिला खर्च पुरस्कारांवर न करता तीन गोष्टींवर व्हावा: जुन्या फिती उतरवून घेण्याची यंत्रं, त्यांची दुरुस्ती जाणणारा एक माणूस, आणि मुलाखती शब्दशः मराठीत उतरवून काढणाऱ्यांचं मानधन. ऐंशी ओलांडलेल्यांच्या मुलाखती आधी घ्याव्यात, आणि त्यातही बायकांच्या. तसा ठराव मी मांडते. सभागृहानं त्यावर चर्चा करावी आणि उद्याच्या सत्राआधी निर्णय द्यावा, ही विनंती.