शेवटची खोली

माझ्या कविता दोन ठिकाणी असतात. कपाटातल्या वह्यांमध्ये आणि एका पेन ड्राइव्हमध्ये. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून भाचा आला होता. कविता दाखवाव्यात म्हणून तो पेन ड्राइव्ह मी त्याच्या संगणकाला लावला आणि संगणक अडकूनच बसला. माझ्या घरच्या संगणकावर तो कधी कुरकुरला नव्हता. वीस वर्षांच्या कविता गेल्या की काय, या विचाराने मला घाम फुटला.

भाच्याच्या संगणकावर लिनक्स आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली. तिचा सगळा मजकूर कोणालाही वाचता येतो, त्यात दुरुस्ती सुचवता येते. रात्री उशिरापर्यंत काहीबाही तपासून भाचा म्हणाला, "मामू, कविता सुखरूप आहेत. पण तुमचा पेन ड्राइव्ह खोटं बोलतो."

मी बी.ए. झालेला माणूस. त्याने मला चाळीचे उदाहरण देऊन समजावले. पेन ड्राइव्ह म्हणजे एक लांबलचक चाळ. प्रत्येक खोलीत बहुधा ५१२ बाइट मजकूर मावतो. खोल्यांचे क्रमांक एकपासून नव्हे, शून्यापासून सुरू होतात. म्हणजे दहा खोल्या असतील, तर शेवटच्या खोलीचा क्रमांक नऊ. संगणक विचारतो, "तुझ्या शेवटच्या खोलीचा क्रमांक काय?" काही उपकरणे चुकून खोल्यांची संख्याच सांगतात, दहा. संगणक बिचारा विश्वास ठेवतो, नसलेल्या दहा क्रमांकाच्या खोलीचे दार ठोठावतो आणि काही उपकरणे तिथेच गोठतात.

संगणक आणि उपकरण यांच्यात दुभाष्याचे काम करणारा जो मजकूर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समधल्या यूएसबी साठवणीच्या ड्रायव्हरपाशी अशा विक्षिप्त उपकरणांची एक यादीच आहे. कोणाचे उत्तर एकाने कमी करून घ्यायचे, कोणाशी एका वेळी थोडेच बोलायचे, असे त्यात लिहिलेले. प्रत्येक नोंदीत उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि आवृत्ती कुठपासून कुठपर्यंत, हे द्यावे लागते. भाच्याने चार ओळींची नोंद तयार केली. आवृत्तीच्या जागी शून्यापासून ९९९९ पर्यंत लिहिले, म्हणजे पुन्हा कटकट नको. खाली आपली सही घातली. २००४ पासून तिथे सहीशिवाय बदल घेत नाहीत. मग त्याने तो बदल तपासणीला पाठवला.

दोन दिवसांनी परीक्षकाचे उत्तर आले. भाच्याचा चेहरा उतरला. त्याने ते मला मराठीत सांगितले. तुम्ही किती उपकरणे पाहिलीत? एकच ना? मग सगळ्या आवृत्त्यांना दोषी का धरता? ड्रायव्हर न बदलता तात्पुरती सूचना देऊन हा उपाय तपासता येतो, तो तपासलात का? आणि नोंद क्रमवारीत योग्य जागी नाही.

"एवढ्याशा चार ओळी, मामू! आणि केवढी उलटतपासणी!" भाचा चिडला होता.

मी त्याला विचारले, "नोंद जास्त व्यापक राहिली तर काय बिघडेल?"

तो जरा थांबला. म्हणाला, उत्पादकाने पुढच्या आवृत्तीत चूक सुधारली असेल, तर तो पेन ड्राइव्ह खरे उत्तर देईल. पण आपण त्यातूनही एक वजा करू. त्याची शेवटची खोली असून नसल्यासारखी होईल.

मी हिशेब केला. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. म्हणजे ५१२ बाइटमध्ये १७० चिन्हे. एक चारोळी सहज मावते. खरे बोलणाऱ्या कोणाची तरी चारोळी, आमच्या सोयीसाठी.

श्रोतेहो, तेव्हा मला एक जुने संपादक आठवले. तरुणपणी आमच्या गावात काही दिवस संचारबंदी होती. त्यानंतर मी एक कविता लिहिली. गावाने पाठ फिरवली, अशा अर्थाची तिची सुरुवात होती. संपादकांनी ती परत पाठवली. 'गावाने' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला होता आणि समासात लिहिले होते, "सगळ्या?" मला राग आला. आमचे दुःख यांना काय कळणार, असे वाटले. रात्री झोप येईना. आणि आठवले, त्या चार दिवसांत मागच्या दाराने रोज दुधाची किटली आणून देणाऱ्या शेजारच्या काकू त्याच गावातल्या होत्या. मी त्यांनाही त्या शब्दात कोंडले होते. ज्यांनी पाठ फिरवली त्यांना मी कवितेतून काढले नाही. फक्त शब्द बदलला. कविता छापून आली, आणि काकूंना ती वाचून दाखवताना मला मान खाली घालावी लागली नाही.

हे मी भाच्याला सांगितले. पुण्यात घर शोधताना "तुमच्या लोकांना देत नाही" हे वाक्य त्याने तीन दारांवर ऐकले आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पेन ड्राइव्ह पुन्हा लावला, तात्पुरती सूचना देऊन तपासला, आवृत्ती शून्यापासून ९९९९ पर्यंतची खोडून फक्त माझ्या पेन ड्राइव्हची लिहिली आणि नोंद योग्य जागी हलवली. परीक्षकाने या वेळी आपली संमती दिली.

अशा नोंदीच्या वर तक्रार कोणी कळवली, त्याचे नाव लिहायची पद्धत आहे. भाच्याने विचारले, "मामू, तुमचं घालू?"

मी म्हटले, घाल. पेन ड्राइव्ह माझा आहे.