शून्य पत्त्यावरील पहारा

गट क्रमांक म्हणजे जमीन नव्हे. तो जमिनीकडे नेणारा केवळ एक आकडा होय. आकडा बरोबर असला म्हणजे मोजणीदार नेमक्या बांधावर जाऊन उभा राहतो. एक अंक चुकला तर मोजणी दुसऱ्याच्याच शेतात होते. संगणकाच्या स्मृतीतही हाच व्यवहार अहोरात्र चाललेला असतो. स्मृतीतील प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि तो क्रमांक लिहून ठेवलेल्या नोंदीस पॉइंटर असे म्हणतात. ही नोंद चुकली, अथवा कोणी हेतुपुरस्सर चुकविली, तर कोणता अनर्थ ओढवतो आणि तो टाळण्यासाठी काय उपाय योजण्यात आले, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

संगणकातील सर्व कार्यक्रमांवर देखरेख ठेवणाऱ्या मूळ प्रणालीच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. सैन्यातील कर्नलशी या शब्दाचे नाते नाही. बाठ्याच्या आतील गर असा त्याचा मूळ अर्थ. अधिकार मात्र याचाच मोठा. सामान्य कार्यक्रमाला आपल्या कुंपणाबाहेर पाऊल टाकता येत नाही. कर्नलला कुंपणच नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थिदशेत आरंभिलेला लिनक्स हा असाच एक कर्नल असून, शिक्षकांच्या व ग्रामसेवकांच्या हातातील अँड्रॉइड फोन त्याच्यावरच चालतात. तो मुख्यतः सी या भाषेत लिहिलेला आहे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत घडविलेली ही भाषा अतिशय वेगवान आहे. परंतु पॉइंटरमधील क्रमांक खरा की खोटा, याची चौकशी ती करीत नाही. त्या काळच्या तुटपुंज्या यंत्रांचा विचार करता यात दोष देण्यासारखे फारसे काही नाही. लिहिणाऱ्यावर ठेवलेला तो विश्वास होता, आणि लिहिणारा माणूस असल्याने तो कधी ना कधी चुकणारच होता.

कोठेही न नेणारा पॉइंटर दर्शवावयाचा असेल तर त्यात शून्य लिहिण्याचा प्रघात आहे. अशा रिकाम्या निर्देशाची कल्पना टोनी होर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत आणली, आणि २००९ साली तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हणून जाहीर कबुलीही दिली. सामान्यतः शून्य पत्त्यावर काहीच नसते; तेथे जाऊ पाहणारा कार्यक्रम जागच्या जागी बंद पडतो. त्यामुळे अशा चुका केवळ गैरसोयीच्या आहेत असे दीर्घकाळ समजले गेले. ही समजूत महागात पडली.

कारण असे की, प्रत्येक कार्यक्रमास स्मृतीचा स्वतंत्र नकाशा मिळतो. त्यातील खालचे क्रमांक कार्यक्रमाचे व वरचे कर्नलचे. शून्यापासून सुरू होणारे पहिले पानही कार्यक्रमास मागून घेता येत असे. गावात शून्य क्रमांकाचा गट नसतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण येथे कोणी मुद्दाम त्या क्रमांकावर घर बांधून ठेवू शकत होता. हल्लेखोर त्या पानावर आपल्या सूचना लिहून ठेवी आणि नंतर कर्नलकडे अशी सेवा मागे, की जिच्या वाटेवर रिकामा पॉइंटर आहे. कर्नल शून्य पत्त्यावर येई आणि तेथील सूचना स्वतःच्या संपूर्ण अधिकारानिशी अमलात आणी.

यावर २००७ साली लिनक्समध्ये एक साधा नियम आला. अमुक क्रमांकाखालील जागा सामान्य कार्यक्रमास द्यावयाचीच नाही. ही मर्यादा पुढे अनेक ठिकाणी ६५,५३६ बाइट ठेवण्यात आली. या उपायाचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. तो कोणतीही चूक शोधीत नाही की दुरुस्त करीत नाही. चुका राहणार हे गृहीत धरून, त्यांचा लाभ हल्लेखोरास मिळू नये एवढीच तजवीज तो करतो.

तथापि नियम झाला म्हणजे अंमल झाला असे होत नाही, हे प्रशासनातील मंडळींस सांगावयास नको. डॉस व जुन्या सोळा-बिट विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालविणाऱ्या डॉसएम्यू व वाइन यांना शून्य पानाचीच गरज होती. त्यांच्या सोयीसाठी काही ठिकाणी नियम शिथिल झाला. ऑगस्ट २००९ मध्ये गूगलमधील टॅव्हिस ऑर्मंडी व ज्युलियन टिनेस यांनी एक दोष उघड केला. संदेशवहनाच्या प्रत्येक पद्धतीसाठी कर्नलमध्ये पॉइंटरांची एक सारणी असते. काही पद्धतींच्या सारणीतील एक रकाना कोरा राहिला होता आणि तो न तपासताच कर्नल तेथे उडी घेत होता. हा कोरा रकाना २००१ पासूनच्या आवृत्त्यांत तसाच होता. दुरुस्ती काही ओळींचीच. पण तोवर संगणकावर साधे खाते असलेल्या कोणासही त्याद्वारे सर्वाधिकार मिळविता येत होते. अधिक खेदाची बाब अशी की, एसई-लिनक्स ही सुरक्षेचीच व्यवस्था जेथे चालू होती, तेथील प्रचलित धोरणाने शून्य पानाची मुभा दिलेली आढळली. नवे कुलूप बसविताना जुन्याची कडी काढून ठेवावी, तसा हा प्रकार झाला.

पुढे हा पहारा प्रत्यक्ष यंत्रातच बसविण्यात आला. इंटेलच्या २०१२ मधील प्रोसेसरपासून कर्नलला सामान्य कार्यक्रमाच्या पानावरील सूचना चालविण्यास, आणि २०१४ पासून तेथील मजकुरास विनापरवाना हात लावण्यासही, अटकाव करता येऊ लागला. त्याच वर्षी लिनक्समध्ये कर्नलचे स्वतःचे पत्ते प्रत्येक आरंभी बदलण्याची सोय झाली. पण कर्नल आपल्या नोंदवहीत खरे पत्ते छापीत राहिला तर लपविण्याचा उपयोग काय? ते छापणे सर्वसाधारणपणे बंद होण्यास २०१८ उजाडावे लागले. मेल्टडाउन हा प्रोसेसरमधील दोष त्याच वर्षी जाहीर झाला आणि कर्नलचा नकाशा कार्यक्रमांच्या नकाशापासून बहुतांशी वेगळा करणे भाग पडले. त्यापायी काही कामांचा वेग घटला.

आजचा अधिक कठीण प्रश्न शून्य पॉइंटरचा नव्हे, तर जुन्या पॉइंटरचा आहे. जमीन विकली गेली, नवा मालक नांदू लागला, तरी जुन्या मालकाच्या हाती पूर्वीचा उतारा राहावा आणि त्यावरून व्यवहार व्हावा, तशी ही फसगत असते. तिच्यावर उपाय म्हणून एआरएम जातीच्या प्रोसेसरांत स्मृतीच्या तुकड्यास व पॉइंटरला जुळणारी खूण देण्याची योजना आहे; खूण जुळली नाही तर व्यवहार थांबतो. सी भाषेऐवजी रस्ट या भाषेचा मार्गही डिसेंबर २०२२ मधील लिनक्स आवृत्तीपासून खुला झाला. रस्टमध्ये अशा बहुतेक चुका कार्यक्रम तयार होतानाच अडविल्या जातात. मात्र पूर्वी लिहिलेल्या कोट्यवधी ओळी सी मध्येच आहेत आणि त्या एवढ्यात बदलणार नाहीत.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा अद्ययावत केल्याची तारीख दिलेली असते. त्या तारखेनंतर बुजविलेली छिद्रे त्या फोनमध्ये बहुधा उघडीच असतात. फोन तयार करणारी कंपनी काही वर्षांनी नवी आवृत्ती देणे थांबविते. त्यानंतरही फोन पूर्वीसारखाच चालत राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्यात काही कमी झाल्याचे दिसत नाही.