चेंडू मधेच का पकडला जातो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने मधेच पकडला, की त्याला 'इंटरसेप्शन' म्हणतात. दोष फेकणाऱ्याचा, असं आपण चटकन म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. सहकारी धावत जिथे पोहोचणार, त्या जागी चेंडू आधीच फेकावा लागतो. ती जागा प्रतिस्पर्ध्यानेही ओळखली, की घात झाला.

१ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोल सामन्यात अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता. गोलरेषा सिॲटलपासून जेमतेम एक यार्डावर होती. रसेल विल्सनने चेंडू फेकला आणि न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने पुढे झेपावून तो पकडला. ही चाल त्याने सरावात पाहिलेली होती. न्यू इंग्लंड २८-२४ असं जिंकलं. माझ्या मते तिथे विल्सनच्या चुकीपेक्षा बटलरची तयारी मोठी होती.